गरम हवेचा नॉब

विमान पडलं त्या दिवशी आकारामला रडू आलं नाही. दहाव्याला आलं नाही, तेराव्यालाही आलं नाही. आष्ट्यातली माणसं आधी म्हणाली, धक्का बसलाय. मग म्हणाली, लढाईतनं आलेल्या माणसाचं काळीज असंच होतं. त्याची बायको साळूबाई काहीच म्हणाली नाही. ती दोन्ही वेळेला त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि तो जेवायचा. भूक लागली म्हणून नव्हे, ताट पुढं आलं म्हणून.

आकाराम हवाई दलात इंजिन फिटर होता. एकेचाळीस साली भरती झाला, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर तीन पावसाळे काढले आणि शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात सुटून घरी आला. घरचा ऊस बघायला दोन भाऊ होते आणि त्याच्या हाताला पाच वर्षांत नांगरापेक्षा पान्याची सवय जास्त झाली होती. त्याच सुमाराला माधवनगरातल्या एका सूतगिरणीच्या मालकानं, मोतीशेठनं, लढाईतलं एक छोटं विमान लिलावात घेतलं. दोन माणसांचं विमान, एकाच्या मागं एक बसायचं. जंगलातनं जखमी शिपाई उचलून आणायला ते वापरायचे. शेठला त्यातून पुण्या-मुंबईला जायचं होतं. गावाबाहेरच्या माळावर धोंडे वेचून धावपट्टी झाली, पत्र्याची शेड उभी राहिली. विमान चालवायला लालासाहेब आले आणि इंजिन सांभाळायला आकाराम.

लालासाहेब शिरवळचे. वडील नाथाजी फौजेतनं सुभेदार होऊन पेन्शनीत निघालेले. पोरगं शिकलं, हवाई दलात ऑफिसर झालं आणि सव्विसाव्या वर्षी अंगाला एक ओरखडा न लागता लढाईतनं परत आलं. फौजेत ऑफिसर आणि फिटर यांच्यामध्ये भिंत असते. माळावर ती नव्हती. शेडच्या सावलीला दोघं एका डब्यातलं जेवायचे. आकाराम त्यांना लालासाहेबच म्हणायचा, ते त्याला गड्या म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "हवेचं मी बघीन. इंजनाचं तू म्हणशील तसं. तू न्हाई म्हणलास तर शेठ पाया पडला तरी मी उडायचा न्हाई."

आणि ते तसं वागले. दोनदा आकारामनं विमान शेडमध्येच ठेवायला लावलं, दोन्ही वेळेला लालासाहेबांनी शेठला तोंडावर नकार दिला.

डिसेंबरातला तो दिवस. शेठ पुण्यात अडकले होते आणि त्यांना आणायला अकरापर्यंत पोचायचं होतं. सकाळी माळावर धुकं इतकं होतं की शेडच्या दारातनं विमानाची शेपटी दिसत नव्हती. कृष्णेवरनं उठलेलं ते धुकं उसाच्या फडातनं वर सरकत आलेलं. विमानाच्या पंखावरनं दवाचे ओघळ वाहत होते. आकारामनं पेट्रोलच्या टाकीखालची तोटी उघडून काचेच्या भांड्यात पेट्रोल धरलं, पाणी आलंय का बघितलं. पाणी नव्हतं. प्लग काढून पुसले. इंजिन चालू करून पाच मिनिटं ऐकलं. काही खोट नव्हती.

नऊ वाजता ऊन फाकलं, माळ मोकळा झाला. नदीच्या अंगाला धुकं अजून कापसासारखं पडलेलं दिसत होतं.

"काय करायचं?" लालासाहेबांनी विचारलं.

"वरनं जाऊ की," आकाराम म्हणाला. "साताऱ्यापातूर जाईस्तवर वितळंल सगळं."

पुण्यात एक सुटा भाग मिळणार होता, तो स्वतः बघून घ्यायचा होता, म्हणून त्या दिवशी आकाराम मागं बसला. परत येताना शेठ विमानानं येणार आणि तो मोटारीनं, असं ठरलं होतं.

वर गेल्यावर ऊन लख्ख होतं. खाली मात्र आष्टा, इस्लामपूर, काहीच दिसलं नाही. नदीच्या दोन्ही अंगांचे डोंगर तेवढे धुक्याबाहेर डोकं काढून होते, त्यांच्या मधनं लालासाहेब उत्तरेला चालले होते. कऱ्हाड मागं पडलं असेल असं घड्याळ सांगत होतं. खाली खूण सापडत नव्हती. मग पुढं एका ठिकाणी धुकं विरळ झालेलं दिसलं, खाली काळसर काहीतरी होतं, नदी असावी. लालासाहेबांनी इंजिन कमी केलं आणि विमान हळूहळू खाली सोडलं. घाई नव्हती. चार-पाच मिनिटं ते तसे ओल्या हवेतनं उतरत राहिले.

आता या इंजिनाची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेट्रोलची वाफ होते तेव्हा ती भोवतालची ऊब ओढून घेते. माठातलं पाणी गार होतं ते असंच. इंजिनात पेट्रोल आणि हवा जिथं मिसळतात त्या कार्बोरेटरच्या नरड्याशी इतका गारठा तयार होतो की हवा ओली असली, तर तिच्यातल्या पाण्याचा तिथंच बर्फ धरतो. बाहेर माणसाला साधी गोधडीसुद्धा लागणार नाही अशा हवेत धरतो. इंजिन कमी चालत असलं की जास्त धरतो. मग नरडं चोंदतं आणि इंजिन गुदमरतं. त्यावर उपाय म्हणून पायलटच्या डाव्या हाताशी एक नॉब असतो. तो ओढला की इंजिनाच्या धुराड्याजवळची तापलेली हवा कार्बोरेटरात शिरते आणि बर्फ वितळतो. पण वितळलेला बर्फ पाणी होऊन इंजिनातच जातो. त्यामुळं नॉब ओढल्यावर इंजिन आधी जास्तच खोकतं, आता बंद पडतंय असं वाटतं. तेवढं अर्धं-एक मिनिट दम धरून काढायचं असतं. नॉबला हात लावायचा नसतो. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर आकारामनं हे किमान वीस पोरांना शिकवलं होतं.

खाली जे दिसलं होतं ते नदी नव्हती, नुसती सावली होती. लालासाहेबांनी वर जायला इंजिन वाढवलं आणि ते वाढलंच नाही. सगळं विमान थरथरायला लागलं. आकारामनं मागनं बघितलं: लालासाहेबांचा डावा खांदा हलला, हात पुढं गेला आणि त्यांनी नॉब पुरता ओढला. बरोबर केलं. जे करायला पाहिजे तेच केलं.

इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. धुकं काचेला येऊन चिकटलं. जमीन किती खाली आहे ते कळत नव्हतं, पण लांब नव्हती. लालासाहेबांनी अर्धी मान वळवली आणि ओरडून विचारलं, "गड्या?"

एवढंच विचारलं. आणि वीस पोरांना शिकवलेला आकाराम ओरडला, "ढकला आत! आत ढकला, बंद पडतंय!"

त्यांनी नॉब आत ढकलला.

इंजिन दोन-तीन दम सुरळीत चाललं, जणू आकारामचंच बरोबर होतं. मग ते बंद झालं. पंखा समोर उभा राहिला. त्यानंतरचा आवाज म्हणजे नुसता वारा. लालासाहेबांनी विमानाचं नाक खाली धरून ते सरळ ठेवलं. मग धुक्यातनं एक बाभूळ अगदी अंगावर आली.

उंब्रजपासून अडीच मैलांवर एक गुऱ्हाळ चालू होतं. गूळ करणारा जोतिबा आणि त्याची माणसं काहिलीभोवती उभी होती. त्यांनी धुक्यात घरघर ऐकली, मग ती थांबली, मग लाकडं मोडल्यासारखा आवाज आला. ते पळत आले तेव्हा आकाराम विमानाबाहेर उभा होता. कसा बाहेर आला ते त्याला आठवत नव्हतं. गळ्याजवळचं हाड मोडून डावा हात लोंबत होता. लालासाहेब जागेवरच बसलेले होते. बाभळीची फांदी काच फोडून आत आली होती. तोंडावर काही लागलेलं नव्हतं.

"जित्तं हायती का?" जोतिबानं विचारलं.

"न्हाई," आकाराम म्हणाला.

तो इंजिनापाशी गेला. झाकण उचकटलेलंच होतं. उजवा हात आत घालून त्यानं कार्बोरेटर धरला. सगळं इंजिन भाजत होतं आणि तेवढी एक वस्तू गार होती. विहिरीतनं काढलेल्या कळशीसारखी गार. तिच्या बुडाशी पाणी साचून खालच्या उसाच्या पाचटावर थेंब थेंब पडत होतं. तो हात तसाच धरून उभा राहिला. जोतिबानं त्याला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्यानं आकारामच्या दंडाला धरून बाजूला नेलं आणि धोतराच्या पानाची झोळी करून त्याचा हात गळ्यात बांधला. कुणीतरी तांब्यातनं उसाचा रस आणला. आकारामनं तो सगळा पिऊन टाकला. गोड लागला की नाही हे त्याला कळलं नाही.

चौकशीला मुंबईहून एक अधिकारी आले. मराठीच होते, शांत, हळू बोलणारे. कऱ्हाडच्या दवाखान्यात आकारामच्या खाटेशी स्टूल घेऊन बसले. त्यांनी सगळं तपासलं होतं. पेट्रोल स्वच्छ होतं, प्लग स्वच्छ होते, आकारामनं ठेवलेली नोंदवही चोख होती.

"त्या दिवसाची हवा पाहता हे बर्फाचंच काम," ते म्हणाले. "बर्फ काही पुरावा ठेवत नाही. पण गरम हवेचा नॉब पूर्ण आत होता. म्हणजे ती बंद होती."

"व्हय साहेब."

"उतरताना त्यांनी तो ओढल्याचं तुम्ही पाहिलं का?"

आकाराम छताकडं बघत होता. छताला पाल होती, ती हलत नव्हती. खोटं बोलावं असं त्यानं काही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आतनं जे आलं ते आलं.

"मागनं दिसत न्हाई, साहेब."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. उठताना म्हणाले, "तुमच्या कामात खोट नाही. मनाला लावून घेऊ नका."

त्याच्या मनाला काही लागलंही नाही. हीच गोष्ट त्याला अधूनमधून चमत्कारिक वाटायची. घरी आल्यावर तो पडवीत बसून असायचा. गावातली माणसं येऊन बसायची, विमानाचं विचारायची, तो सांगायचा. धुकं, खोकलं, बंद पडलं, बाभूळ. सांगता सांगता ते दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं व्हायचं. नॉबाचं मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. साळूबाईनं एकदाच विचारलं, "आवं, दुखतंय का लय?" तो म्हणाला, "न्हाई." हात दुखत नव्हता, ते खरंच होतं.

फेब्रुवारीत शिरवळहून कार्ड आलं. सुभेदार नाथाजींचं अक्षर फौजी, सरळ उभं. 'एकदा येऊन जावे. काम आहे.'

तो सर्व्हिस मोटारीनं गेला. गाडी उंब्रजवरनं गेली तेव्हा त्यानं बाहेर बघितलं. ऊस तोडून झाला होता, रानं मोकळी पडली होती. खंबाटकीचा घाट उतरून गाडी शिरवळला थांबली तेव्हा दुपार होती.

सुभेदार सोप्यात बाजेवर बसले होते. सत्तरीचा माणूस, पाठ अजून ताठ. आतल्या उंबऱ्यावर लालासाहेबांच्या आई बनुबाई बसल्या होत्या. पाणी झालं, चहा झाला. मग सुभेदारांनी उशाखालनं एक टाइप केलेला इंग्रजी कागद काढला.

"हे आलंय. मास्तराकडनं वाचून घेतलं. यात लिवलंय, पायलटनं गरम हवा लावली न्हाई, त्याची हयगय झाली." त्यांनी कागद नीट घडी करून मांडीवर ठेवला. "मला त्यातलं कळत न्हाई. तुमी मागं बसला व्हता. लावली व्हती का न्हाई, तेवढं सांगा."

आकारामनं बनुबाईंकडं बघितलं. त्या जमिनीकडं बघत होत्या.

"लावली व्हती," तो म्हणाला.

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. आवाज चढला नाही की कापला नाही. नोंदवही वाचून दाखवावी तसं एकामागनं एक सांगत गेला. माठातल्या पाण्याचा दाखला देऊन बर्फ कसा धरतो ते सांगितलं. लालासाहेबांनी नॉब वेळेवर ओढला, ते सांगितलं. इंजिन खोकल्यावर दम धरायचा असतो आणि हे आपण इतरांना शिकवत होतो, तेही सांगितलं. "त्यांनी मला इचारलं. मी आत ढकला म्हनलो. त्यांनी ढकलला. अर्धा मिनिट तसाच ठिवला असता तर इंजान चाललं असतं."

"असतं का?"

"बहुतेक असतं."

बाहेर रस्त्यावरनं एक बैलगाडी गेली, तिचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू आला.

"त्यानं तुमचं का ऐकलं?" त्यांनी विचारलं.

"इंजनाचं मी म्हनीन तसं, असं आमचं ठरल्यालं."

"मग त्यानं बराबर केलं," सुभेदार म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "त्याच्याकडनं बराबर झालं."

आकारामनं मान हलवली.

"आन् तुमी त्या सायबाला हे का न्हाई सांगितलं?"

"ठावं न्हाई. भ्यालो आसंन. तवा भ्याल्यागत वाटत न्हवतं. आताबी काय वाटत न्हाई."

सुभेदारांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. त्यानं असे चेहरे बघितले असावेत. ते रागावले नाहीत. "लिवून द्या," ते म्हणाले. "मराठीत लिवा. हितंच. मी पाठवतो."

कोनाड्यातली दौत-टाक आली, कागद आला. बाजेच्या कडेला पाट घेऊन आकाराम लिहायला बसला. उजवा हात चांगला होता. दोन पानं झाली. शेवटी त्यानं लिहिलं की आधी दिलेला जबाब खोटा होता, आणि सही केली.

तो शाई वाळायची वाट बघत असताना बनुबाई पहिल्यांदा बोलल्या. "त्या दिशी सकाळी त्यानं काय खाल्लं?"

आकारामला आठवावं लागलं. "भाकरी. आन् शेंगांची चटणी. आमच्या घरनं बांधून आनल्याली."

"किती भाकरी?"

"एक खाल्ली. दुसरी पुण्यात खाऊ म्हनले. फडक्यात गुंडाळून संगट घेतली."

बनुबाईंनी मान डोलावली. "पुन्याला जाताना घरावरनं एक गिरकी मारायचा," त्या म्हणाल्या. "त्या दिशी मी माळवदावर दुपारपातूर हुते. ऊन पडल्यालं. म्हनलं, दुसऱ्या वाटंनं गेला आसंल." मग त्यांनी विचारलं, "दुसरी भाकरी कुटं गेली?"

"ठावं न्हाई, आई."

त्या उठून आत गेल्या. आतनं भांड्यांचा आवाज आला. त्यांनी आकारामला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यानं पुढं आलेलं ताट संपवलं.

मार्चमध्ये मुंबईहून आकारामला कागद आला. त्याचं इंजिन तपासायचं लायसन रद्द झालं होतं. खोटा जबाब दिल्याबद्दल चार कडक ओळी होत्या. पायलटकडं दोष नाही, अशी अहवालात दुरुस्ती केल्याचं शेवटी लिहिलं होतं. मोतीशेठनं विमानाचा नाद सोडून दिला होता, माळावरची शेड उतरवली होती, त्यामुळं नोकरी तशीही राहिली नव्हती. आकारामनं कागद साळूबाईला वाचून दाखवला. तिनं विचारलं, "म्हंजी आता काय?" तो म्हणाला, "आता काय न्हाई." दुसऱ्या दिवशी शेजारच्या सिद्धूच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं होतं, ते बघायला तो गेला. ते दुरुस्त झालं. मग दुसरं कुणी बोलवायला आलं, मग तिसरं.

मे महिन्यात एका सकाळी सुभेदार आष्ट्याला आले. कार्ड न टाकता, एकटेच. दारात उभं राहून त्यांनी घर हेच का, असं विचारलं. साळूबाईनं पाय धुवायला पाणी दिलं. त्यांनी खिशातनं दुरुस्त झालेल्या अहवालाचा कागद काढून आकारामपुढं ठेवला. आकारामनं तो वाचला आणि परत दिला.

"तुमचं लायसन गेलं म्हनं," जरा वेळानं सुभेदार म्हणाले.

"व्हय."

"माझ्यामुळं गेलं."

"न्हाई. माझ्यामुळंच."

सुभेदारांनी त्यावर वाद घातला नाही. ते जेवले, पडवीत घोंगड्यावर तासभर आडवे झाले. मग आकाराम कामाला निघाला तसे त्याच्याबरोबर मळ्यात आले. तो इंजिनाची टाकी धूत होता, ते आंब्याखाली बसून बघत होते. एकदा त्यांनी विचारलं, "ह्यातबी बर्फ धरतो का?" आकाराम म्हणाला, "ह्यात न्हाई. हे राकेलवर चालतं, आन् हे जिमिनीवर हाय." सुभेदारांनी हूं म्हटलं.

उन्हं कलल्यावर तो त्यांना गाडीच्या थांब्यावर घेऊन गेला. गाडीला वेळ होता. दोघं कट्ट्यावर बसले. सुभेदारांनी तंबाखू मळली, निम्मी आकारामच्या तळहातावर ठेवली.

"घरात ती कुणासंगं बोलत न्हाई," सुभेदार म्हणाले. "तुमी आला त्या दिशी बोलली. तवाधरनं पुन्यांदा न्हाई. जमलं तर येत जावा."

"येऊन काय बोलू?"

"काय बी. तो काय खायाचा, काय म्हनायचा. तुमी लई दीस संगट व्हता."

गाडी आली. सुभेदार दांड्याला धरून वर चढले, खिडकीशी जागा मिळाली. आकारामनं त्यांची पिशवी आत दिली. पुढच्या महिन्यात येतो, असं त्यानं सांगितलं. सांगताना त्याला काही वाटलं नाही, बरंही नाही आणि वाईटही नाही. पण जायचं हे मात्र त्यानं ठरवलं होतं. धुरळा बसेपर्यंत तो थांब्यावर उभा राहिला आणि मग अर्धवट राहिलेली टाकी धुवायला मळ्याकडं चालू लागला.